४१७, गैरहजर

अवधूतने आईला लंडन दाखवायचं मनावर घेतलं होतं आणि आई काही केल्या लंडन बघत नव्हती. राजवाडा झाला, नदीवरचा पूल झाला, ते आकाशात फिरणारं अवाढव्य चक्रही झालं. चक्राच्या काचेच्या डब्यातून अर्धा तास नदी बघून अरुणाबाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. पाणी तेवढं आपल्या नाग नदीसारखंच आहे." अवधूतला तिकिटांचे पैसे आठवले.

नागपूरच्या मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं चित्रकला शिकवलेली ही बाई. तिला काय बघायला आवडतं हे तिच्या पोटच्या पोराला ठाऊक नसावं, याला काय म्हणावं? अरुणाबाईंना भिंती आवडायच्या. पुलाखालच्या भिंतीवर कुणी फवाऱ्याने ओढलेली रंगीत अक्षरं दिसली की चालत्या गाडीतून त्या मान वळवून बघत राहायच्या. अवधूत म्हणायचा, "आई, दॅट्स जस्ट व्हँडलिझम." सहा महिन्यांच्या व्हिसातले पाच महिने पिनर या लंडनच्या उपनगरात, अवधूत आणि सून वैभवीच्या घरात असे निघून गेले.

जुलैतल्या एका रविवारी भेंडी-कोथिंबीर आणायला तो त्यांना पश्चिम लंडनमधल्या ईलिंगला घेऊन गेला. गाडी लावायला जागा शोधत तो गल्लीबोळांत फिरत होता तोवर अरुणाबाई दुकानापाशी उतरून थांबल्या होत्या, आणि दुकानाच्या बाजूची भिंत त्यांना दिसली. दोन मजली भिंत, वरपासून खालपर्यंत एकच चित्र. गल्लीतला सार्वजनिक नळ. पुढे एक भली मोठी बाई, कमरेवर कळशी, पाठीवर वेणी, पाठमोरी. तिच्या पलीकडे आणखी दोघी, त्याही पाठमोऱ्या. डाव्या कडेला एक सायकलवाला, तोही अर्धाच, उरलेला भिंतीबाहेर.

ईलिंगच्या लोकांना ते चित्र सुंदर वाटत असेल. अरुणाबाईंना ते त्यांनी स्वतः लाल पेनाने तपासल्यासारखं वाटलं.

महाराष्ट्रात ज्यांनी शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली आहे त्यांना स्मरणचित्र म्हणजे काय हे सांगायला नको. ज्यांनी दिलेली नाही त्यांनी एवढंच समजावं की पेपरात एक विषय येतो, सार्वजनिक नळ, बस थांबा, पतंग उडवणारी मुलं असला काहीतरी, आणि दोन तासांत आठवणीतून चित्र काढून रंगवायचं असतं. अरुणाबाईंचा त्यावर एक ठरलेला तोडगा होता. एक आकृती मोठी, पुढे, पाठमोरी. दोन मधल्या. एक कडेला अर्धी कापलेली. "आणि चेहऱ्यांच्या फंदात पडू नका ग," त्या सांगायच्या. "चेहऱ्यात वेळ जातो आणि मार्क पण जातात." या तोडग्यावर त्यांच्या शाळेचा निकाल कधी नव्वद टक्क्यांखाली आला नाही. नागपुरातल्या किती घरांत पाठमोऱ्या बायका फ्रेम करून टांगलेल्या असतील याची गणतीच नाही.

पण ते सगळं सोडा. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक छोटी चौकट होती, परीक्षेच्या कागदावर बैठक क्रमांकासाठी असते तशी. चौकटीत देवनागरी आकडा होता. ४१७.

"स्वराली," अरुणाबाई मोठ्याने म्हणाल्या.

"बाई, तुमची स्वराली असेल कुठे ती असेल, पण तुम्ही आधी फूटपाथवर या," मागून कुणीतरी मराठीत म्हणालं. "इथले बसवाले ब्रेक मारतात, पण शिव्या घालून मारतात."

चाकांची पिशवी ओढत एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. बथशेबाबाई पेणकर. वय चौऱ्याहत्तर, जन्म भायखळ्याचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, आणि ईलिंगात राहायला येऊन पन्नास वर्षं झालेली. मुलं-नातवंडं इंग्रजीत वाढली, नवरा गेला, आणि तेव्हापासून बाईंची मराठी तुंबून राहिली होती. अवधूत गाडी लावून येईपर्यंत तिने अरुणाबाईंचं नाव, गाव, गुडघेदुखी आणि परतीच्या विमानाची तारीख एवढं सगळं काढून घेतलं, आणि स्वराली कोण हे विचारायलाही विसरली नाही.

"माझी विद्यार्थिनी," अरुणाबाई म्हणाल्या. "तिला मला भेटायचं आहे. आणखी कुठे कुठे तिच्या भिंती आहेत ते बघायचं आहे."

"मुलाला सांगा ना."

"मुलगा तीन आठवडे आधी शंभर पौंडांचं तिकीट काढतो आणि मग मीटिंग आली म्हणून रद्द करतो."

बथशेबाबाईंचे डोळे चमकले. या बाईचा एक छंद होता आणि तो तिने शास्त्रासारखा जोपासला होता. स्वस्तात प्रवास. कुठली कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, मंगळवारी सँडविचच्या किमतीत जाते, कुठल्या गावात दुपारी तीननंतर दुकानदार जेवणाच्या डब्यांवर पिवळी चिठ्ठी लावून निम्म्या भावात विकतात, कुठल्या संग्रहालयात फुकट आणि स्वच्छ बाथरूम आहे, सगळं तिच्या एका निळ्या वहीत लिहिलेलं. "या देशात घाईला पैसे पडतात, बाई," ती म्हणाली. "ज्याला घाई नाही त्याला हा देश स्वस्त आहे. मला फक्त शनिवार सांगू नका. शनिवारी मी घरातून हलत नाही, फोनला हात लावत नाही. कोकणात आमच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणायचे ते उगाच नाही. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद."

तीनच दिवसांनी दोघी भिंतचित्रांसाठी नावाजलेल्या ब्रिस्टलला निघाल्या, पहाटेच्या कोचने, दोघींचं मिळून भाडं एका पिझ्झ्याहून कमी. अवधूतने आईला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा बथशेबाबाईंनीच उचलला.

ब्रिस्टलमध्ये अरुणाबाई वेड्या झाल्या, दुसरा शब्द नाही. एका रस्त्यावर डोळे बांधलेला कोल्हा तीन मजले उंच, पुढच्या वळणावर न्हाव्याच्या दुकानाच्या शटरवर म्हातारीचे सुरकुतलेले हात, कचरापेटीवर चिमण्या. गुडघे विसरून त्या चालत होत्या. एका चित्रापाशी बोट लावून, "हा पाय चुकला आहे, पण काय हिंमत आहे बघा," म्हणाल्या. स्वतः त्यांनी आयुष्यात मुलींच्या वह्यांबाहेर चित्र काढलं नव्हतं, आणि वह्यांमध्ये काढलं ते दुरुस्ती म्हणून. दुपारी एका पुलाच्या कमानीखाली त्यांना दुसरी चौकट सापडली. बस थांबा. सहा माणसं, सहाही पाठमोरी. ४१७.

जवळच रंगाच्या फवाऱ्याचे डबे विकणारं एक दुकान होतं. तिथल्या सारा नावाच्या विक्रेतीने चौकटीचा फोटो बघून लगेच ओळखलं. तो आकडा आहे हे तिला माहीत नव्हतं, तिला ती नक्षी वाटायची. ती बाई कुणाला नाव सांगत नाही, ती म्हणाली, नुसती चौकट काढते. नॉटिंगहॅमला राहते. मग साराने फोनवर काहीतरी शोधलं आणि बथशेबाबाईंनी ते मराठीत करून सांगितलं. नॉटिंगहॅमला बाजारापाशी गोदामाची भिंत आहे, ही तिची पहिली मोठी भिंत, सात वर्षांची जुनी. येत्या शनिवारी सकाळी दहापासून ती स्वतःच ती पुसून नवं काढणार आहे.

"स्वतःचं चित्र स्वतः पुसणार?" अरुणाबाईंनी विचारलं.

साराला त्यात काही विशेष वाटलं नाही. चांगलं चित्र दोन आठवडे टिकलं तरी नशीब, ती म्हणाली. भिंती मोजक्या आणि हात फार. आधी सगळ्यावर एकाच रंगाचा सपाट हात फिरवायचा आणि मग नवं काढायचं, हीच इथली रीत.

अरुणाबाईंचा चेहरा उतरला. शनिवारनंतरच्या सोमवारी त्यांचं विमान होतं.

परतीच्या कोचमध्ये त्यांनी बथशेबाबाईंना गोष्ट सांगितली. दोन हजार सहा साल. शाळेत इन्स्पेक्शन येणार म्हणून कंपाउंडच्या भिंतीला ताजा चुना मारलेला. सकाळी शाळा उघडली तर त्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने आणि गेरूने सगळ्या शिक्षिका काढलेल्या, चेहऱ्यांसकट. मुख्याध्यापिका लालबुंद झाल्या. नववीतली स्वराली ठवकर सापडली आणि प्रार्थनेच्या वेळी, आठशे मुलींसमोर, तिच्याच हाताने सगळी भिंत चुन्याने पुसून घेतली. ब्रश तिच्या हातात अरुणाबाईंनी दिला. बापाने दुसऱ्या दिवशी शाळेतून नाव काढलं. इंटरमिजिएटचा फॉर्म आधीच भरलेला होता, बैठक क्रमांकही तिला मिळालेला होता. परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये एक बाक रिकामा राहिला आणि सुपरव्हिजनला असलेल्या अरुणाबाईंनी यादीत ४१७ पुढे लिहिलं, गैरहजर.

"म्हणजे शाळेने केलं," बथशेबाबाई म्हणाल्या. "तुम्ही काय करणार होतात?"

अरुणाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"माफी मागायची तर पत्र पाठवा. ती दुकानवाली पत्ता देईल."

"नाही. पत्रात पाठमोरं राहता येतं."

बथशेबाबाई निळी वही उघडून शनिवारच्या गाड्या बघायला लागल्या.

शुक्रवारी दिवेलागणीच्या आत बथशेबाबाईंनी पिनरला येऊन नारिंगी तिकिटं आणि एक कागद हातात दिला. ऐन वेळी कोच मिळाली नव्हती आणि लंडन ते नॉटिंगहॅम सरळ तिकीट काढलं तर डोळे पांढरे व्हायची वेळ. पण इथल्या रेल्वेची एक गंमत आहे. तेच तिकीट मध्ये तोडून दोन तुकड्यांत घेतलं तर स्वस्त पडतं. म्हणून लंडन ते लेस्टर एक, लेस्टर ते नॉटिंगहॅम दुसरं, आणि येताना तसंच. कागदावर त्यांनी सगळं लिहिलं होतं, प्लॅटफॉर्म कुठे बघायचा, डबा कुठला, सीट कुठली, जवळचं बाथरूमसुद्धा. एकच गोष्ट लिहिली नव्हती, कारण ती लिहावी लागेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आई, उद्या मी ऑन-कॉल आहे, सॉफ्टवेअरचा रिलीज वीकेंड आहे, आणि वैभवी तिच्या कॉन्फरन्सला," अवधूत म्हणाला. "एकटी कशी जाशील? पुढच्या व्हिजिटला जाऊ ना आपण, प्रॉपर प्लॅन करून."

"पुढच्या व्हिजिटला ती भिंत नसेल."

"अगं, पण भिंतच ना शेवटी."

"अवधूत, तुझी मुंज राहिली तरी चालेल म्हणून मी तुझ्या वडिलांशी भांडले होते. आठवतं? नाही ना. मग आत्ताही भांडू नकोस." या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध हे अवधूतला कळलं नाही, पण आईचा तो आवाज त्याला लहानपणापासून माहीत होता. सकाळी त्याने त्यांना मुकाट्याने पिनर स्टेशनवर सोडलं.

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर गाडी मिळाली, डबा मिळाला, सीट मिळाली. कोटाच्या आत सुती साडी, पायात वैभवीचे जुने स्पोर्ट शूज, मांडीवर डबा. सव्वा तास छान गेला. मग लेस्टर आलं. अरुणाबाईंनी तिकीट बघितलं. त्यावर लेस्टर लिहिलं होतं. तेहतीस वर्षं मुलींना प्रामाणिकपणाचे धडे देणारी बाई, तिकिटाच्या पुढे एक स्टेशनसुद्धा कधी गेली नव्हती. पहिलं तिकीट संपलं, आता दुसऱ्या तिकिटाची दुसरी गाडी. त्यांनी पिशवी उचलली आणि त्या उतरल्या. उतरताना समोरच्या माणसाला "थँक यू" म्हणाल्या.

गाडी निघून गेल्यावर त्यांनी प्लॅटफॉर्मवरच्या गणवेशातल्या बाईला दुसरं तिकीट दाखवून गाडी कुठे लागेल ते विचारलं. त्या बाईने तिकीट बघितलं, रुळांकडे बघितलं आणि हळूच म्हणाली की ही आत्ता गेली तीच. दोन तिकिटं, पण गाडी एक, सीटही एकच. तुम्ही नुसतं बसून राहायचं होतं.

आणि ते तिकीट फक्त त्याच गाडीचं होतं.

अरुणाबाई बाकावर बसल्या. बथशेबाबाईंना फोन करण्यात अर्थ नव्हता, घाणा बंद होता. अवधूतला फोन केला असता तर तो म्हणाला असता, तिथेच बस, मी टॅक्सी पाठवतो, घरी ये. नवीन तिकिटाचा आकडा त्यांनी खिडकीवर विचारला आणि ऐकून परत फिरल्या. पर्समध्ये तेवढे नव्हते, आणि मुलाने दिलेलं कार्ड त्यांनी मुद्दाम घरी ठेवलं होतं. आयत्या वेळी हिमतीआधी कार्ड बाहेर येतं, म्हणून. साडेदहा वाजले होते. भिंतीवर दहालाच हात फिरायला लागला असणार.

एक क्षण त्यांना वाटलं, जाऊ दे. देवाच्याच मनात नसेल. मग त्यांना स्वतःचा राग आला. वीस वर्षांत देवाला मध्ये घालायची एवढी सवय लागली होती. त्या उठल्या आणि गणवेशातल्या बाईला विचारलं, "बस?"

बस होती, मधल्या लफबरो गावापर्यंत एक आणि तिथून दुसरी. प्रत्येकी तीन पौंड, सरकारनेच बांधून दिलेलं भाडं. ही युक्ती निळ्या वहीतही नव्हती. बस वेळ मात्र घेणार होती. प्रत्येक खेड्यात थांबणार, प्रत्येक आजीला चढवणार. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून अरुणाबाईंनी डब्यातला मेथीचा पराठा खाल्ला आणि इतके दिवस जे बथशेबाबाईंनाही सांगितलं नव्हतं ते आता आठवायलाच हवं होतं.

मुख्याध्यापिकांनी त्या दिवशी तो हात ओळखला नव्हता. चित्र कुणाचं, हे त्यांना कधीच कळलं नसतं. त्या भिंतीवर बारा शिक्षिका होत्या आणि तेराव्या अरुणाबाई, स्टाफरूमच्या खिडकीत, हातात खडू, तोंड उघडं, जांभई देत. थट्टा नव्हती त्यात. दमलेली बाई होती ती. पस्तीस वह्या तपासून झालेली आणि पस्तीस उरलेली, चित्र काढायची इच्छा कधीतरी मागे टाकून आलेली. चौदा वर्षांच्या पोरीने ते बघितलं होतं आणि सगळ्या शाळेला दाखवलं होतं. अरुणाबाईंनी आयुष्यात बघितलेलं ते सगळ्यात खरं चित्र होतं. आणि म्हणून त्या सरळ ऑफिसात गेल्या आणि म्हणाल्या, "हा हात स्वराली ठवकरचा आहे."

हे सांगायला त्या निघाल्या होत्या. मोघम माफी त्यांना नको होती.

नॉटिंगहॅमला त्या पोहोचल्या तेव्हा दीड वाजला होता. बाजाराचा रस्ता त्यांनी चौघांना विचारला. भिंत लांबूनच दिसली. वरचा अर्ध्याहून जास्त भाग सपाट राखाडी झाला होता. खाली उरली होती ती एका बाईची कंबर, साडीच्या निऱ्या, वेणीचं टोक, अनवाणी टाचा आणि कोपऱ्यातली चौकट. वर खाली होणाऱ्या लोखंडी पाळण्यावर उभी राहून रंगाने माखलेल्या डगल्यातली, बारीक केस कापलेली एक बाई लांब दांड्याचा रोलर फिरवत होती.

अरुणाबाई खाली जाऊन उभ्या राहिल्या. हाक काय मारायची हे त्यांनी सबंध प्रवासात ठरवलं नव्हतं. तोंडून आलं ते परीक्षेच्या हॉलमधलं.

"चारशे सतरा."

रोलर थांबला. पाळणा घरघरत खाली आला. त्या बाईने तोंडावरचा मास्क काढला, आणि तेहतीस वर्षांच्या त्या चेहऱ्यात नववीतली पोर शोधायला अरुणाबाईंना फार वेळ लागला नाही.

"बाई?" ती म्हणाली. "तुम्ही इथं काय करून राहिल्या?"

"तुलाच भेटायला आले. उशीर झाला, लेस्टरला उतरले." मग त्यांनी श्वास घेतला. "स्वराली, तुझा हात मुख्याध्यापिकांनी ओळखला नव्हता. तुझं नाव मी सांगितलं. मला त्या भिंतीवर माझा चेहरा दिसला आणि तो बरोबर होता. तो मला सहन झाला नाही. शिस्त वगैरे काही नव्हतं त्यात. मी चुकले."

थर्मास उघडून स्वरालीने झाकणात चहा ओतला, आणि तो स्वतःच प्यायली.

"मी मॅट्रिक झाले रात्रशाळेतून," ती शेवटी म्हणाली. "बापाने रंगांची पेटी विहिरीत टाकली. इथं आले ती नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांचे डायपर बदलायला. पंचविसाव्या वर्षापासून भिंती रंगवून राहिली. एवढी वर्षं मला वाटायचं, हेडबाईंनी ओळखलं, आणि बाई मध्ये पडू शकल्या नाहीत, बिचाऱ्या. आता तुम्ही हे सांगून राहिल्या. याचं मी काय करू?"

"काही नको करूस. मला सांगायचं होतं, मी सांगितलं." अरुणाबाईंनी पिशवी उचलली. "मी निघते. तुझं काम खोळंबलं."

त्या वळल्या. दहा पावलं गेल्या असतील.

"बाई, थांबा," स्वरालीने हाक मारली. "खालचा पट्टा राहिला आहे. माझी पाठ दुखते. तो दुसरा रोलर घ्या."

अरुणाबाईंनी त्या रोलरकडे बघितलं. "नाही. एकदा तुझ्या हातात ब्रश दिला ते पुरे. तुझं चित्र पुसायला माझा हात आता लागणार नाही."

"तुम्हाला अजून कळलंच नाही," स्वराली म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात राग होता, स्वच्छ राग. "पुसल्याचं मला कधीच काही नव्हतं. मी आजपर्यंत माझ्या चाळीस भिंती पुसल्या. चुना मारायला लावलात, लावलात. पण त्या चुन्यावर पुढचं काढायला दिलं नाहीत. पांढरी ठेवलीत. शाळेची भिंत नुसती पांढरी ठेवलीत. घ्या रोलर."

अरुणाबाईंनी कोट काढला, पदर खोचला आणि रोलर घेतला.

त्यांना ते जमत नव्हतं. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. स्वराली एकदाच म्हणाली, "खालून वर न्या, दाबू नका," आणि त्यांनी मुकाट्याने खालून वर नेला. निऱ्या गेल्या, वेणी गेली, टाचा गेल्या. चौकटीपाशी त्या थांबल्या. "हिला राहू दे," स्वराली म्हणाली. त्यांनी चौकटीभोवतीने रंग दिला आणि आकडा तेवढा ठेवला.

भिंत वाळायला तासभर लागला. दोघी उलट्या ठेवलेल्या बादल्यांवर बसल्या आणि उरलेला पराठा खाल्ला. मग स्वराली उठली, तिने हातमोजे चढवले आणि भिंतीकडे बघतच म्हणाली, "विषय द्या, बाई."

"मी?"

"तुम्हीच द्यायच्या ना विषय. माझा पेपर राहिला आहे."

अरुणाबाईंनी विचार केला. "शाळेची भिंत," त्या म्हणाल्या. "आकृती एकच. आणि पाठमोरी नको."

"चेहऱ्यात वेळ जातो."

"जाऊ दे. मी बसते."

तेवढ्यात अवधूतचा फोन आला. "आई, सव्वाचारची ट्रेन आहे ना तुझी? स्टेशनला पोहोचलीस का? तिकीट त्याच ट्रेनचं आहे, डोन्ट मिस इट."

"ती गेली तर गेली," अरुणाबाई म्हणाल्या. "मी संध्याकाळच्या बसने येते. आत्ता परीक्षा चालू आहे." आणि त्यांनी फोन पिशवीत टाकला.

स्वरालीने पाळणा वर घेतला. काळ्या फवाऱ्याची पहिली रेघ आली, मग दुसरी. अरुणाबाईंना वाटलं होतं ती त्या चौदा वर्षांच्या पोरीचा चेहरा काढेल, ब्रश हातात घेतलेला, आठशे मुलींसमोरचा. तो बघायची त्यांनी तयारी केली होती. पण रेघांमधून आधी खिडकी उमटली. खिडकीत एक हात आला, हातात खडू. मग खांदे, ओघळलेले. मग चष्मा, आणि उघडं तोंड.

तीन मजले उंच, नॉटिंगहॅमच्या भर बाजारात, अरुणाबाई जांभई देत होत्या.

बाजारातली दोन-चार माणसं थांबली. कुणीतरी वर बघितलं, मग बादलीवर बसलेल्या बाईंकडे बघितलं, मग पुन्हा वर. अरुणाबाईंचे कान तापले. पाय उठायला निघाले, ते त्यांनी जमिनीला घट्ट टेकवून ठेवले. वरून स्वरालीने मान वळवून खाली पाहिलं आणि हात थांबवला, वर्गात फळ्यापाशी उभी राहून बाईंच्या तोंडाकडे बघायची तशी.

अरुणाबाईंनी चष्मा पुसला, परत लावला आणि चित्र नीट बघितलं.

"हनुवटी आणखी थोडी खाली घे," त्या म्हणाल्या. "मी दमले की ती अजून उतरते."